नावे ठेवणे म्हणजे खंडन नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत तर्कदोषांवर, म्हणजे युक्तिवादातल्या फसव्या चुकांवर, आलेला लेख वाचला. असा विषय दैनिकात येतो ही चांगलीच गोष्ट आहे. लेखकाने पंधरा-वीस दोषांची नावे दिली आहेत, प्रत्येकाखाली एक-दोन ओळींची व्याख्या आहे आणि शेवटी सल्ला आहे: समोरच्याच्या बोलण्यातला दोष पकडा, त्याचे नाव सांगा, वाद जिंकलात. व्याख्या बहुतेक ठीक आहेत. सल्ला मात्र साफ चुकीचा आहे, आणि ज्या ॲरिस्टॉटलच्या नावाने तो दिला आहे त्याने याच्या नेमके उलट लिहून ठेवले आहे. शिवाय सोफिस्टांना, म्हणजे प्राचीन ग्रीसमध्ये फी घेऊन बोलायला आणि वाद घालायला शिकवणाऱ्या शिक्षकांना, 'पैसे घेऊन खोट्याचे खरे करणारी मंडळी' म्हणून एका वाक्यात उडवून लावले आहे. ते प्रकरण तेवढे सोपे नाही. हे दोन्ही मुद्दे एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून पत्र लांबले तरी चालवून घ्यावे.

आधी सोफिस्टांचे. इ.स.पू. पाचव्या शतकातल्या अथेन्समध्ये आजच्यासारखे वकील नव्हते. फिर्यादीने आणि आरोपीने स्वतः उभे राहून बोलायचे. फार तर पैसे देऊन दुसऱ्याकडून भाषण लिहून घ्यायचे आणि पाठ करायचे. ऐकायला तिशी ओलांडलेल्या नागरिकांतून चिठ्ठ्या टाकून निवडलेले पंच. त्यांचा वर्षाचा पट ६,००० चा, आणि खटल्याच्या प्रकाराप्रमाणे त्यातले दोनशे, चारशे, पाचशे किंवा त्याहून अधिक जण बसत. बोलण्याची वेळ पाण्याच्या घड्याळाने मोजली जाई. अथेन्सच्या अगोरात (जुन्या बाजारचौकात) सापडलेले असे एक मातीचे भांडे सुमारे ६.४ लिटरचे आहे. तळाजवळच्या नळीतून ते सहा मिनिटांत रिकामे होते. दोन्ही बाजूंचे बोलणे आटोपले की पंच आपसांत काहीही खल न करता सरळ मत टाकत आणि बहुमताने निकाल लागे. अशा ठिकाणी ज्याला बोलता येत नाही त्याचे घरदार जाई, तो हद्दपार होई, प्रसंगी जीवही जाई. बोलायला शिकवणाऱ्यांना गिऱ्हाईक मिळाले यात नवल ते काय?

हे शिकवणारे बहुतेक बाहेरगावचे. प्रोटॅगोरस अब्डेराचा, प्रॉडिकस केऑस बेटावरचा, हिपियस एलिसचा. गॉर्जियस सिसिलीतल्या लिओंतिनीचा, इ.स.पू. ४२७ मध्ये आपल्या नगराचा दूत म्हणून अथेन्सला आलेला. या परक्यांना अथेन्सच्या सभेत मत नव्हते. विद्या हेच त्यांचे भांडवल. फी ज्याची त्याची वेगळी. प्रॉडिकसचे शब्दांच्या अचूक वापरावरचे पूर्ण व्याख्यान ५० द्राक्मांचे होते आणि एक द्राक्माचे छोटेही होते; आपण एक द्राक्मावालेच ऐकले, असा टोमणा प्लेटोने सॉक्रेटिसच्या तोंडी घातला आहे. पॅरोसचा एव्हेनस ५ मिना घेई. एक मिना म्हणजे १०० द्राक्मा, आणि शतकाच्या अखेरीस कुशल कारागिराचा रोज साधारण एक द्राक्मा होता. हिशेब केला तर ५०० दिवसांची मजुरी झाली. विद्येविषयी आदर आणि विद्या विकणाऱ्याविषयी राग, हे दोन्ही एकाच वेळी का होते ते या आकड्यावरून समजावे.

आता 'खोट्याचे खरे'. मूळ वचन 'दुबळी बाजू सबळ करणे' असे आहे आणि ते प्रोटॅगोरसच्या नावावर आहे. त्याचा अर्थ ॲरिस्टॉटलने 'ऱ्हेटरिक' या वक्तृत्वावरच्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात एका उदाहरणाने सांगितला आहे. हे उदाहरण सिराक्यूजचा वक्तृत्वशिक्षक कोरॅक्स याच्या पद्धतीचे. मारहाणीचा खटला आहे. आरोपी किडकिडीत असेल तर तो म्हणतो, माझ्यासारखा अशक्त माणूस कुणाच्या अंगावर जाईल हे संभवत नाही. आरोपी धिप्पाड असेल तर तो म्हणतो, पहिला संशय माझ्यावरच येणार हे ठाऊक असताना मी हात उचलीन हे संभवत नाही. दोघांचा शेवट एकच: 'संभवत नाही'. वरवर पाहता दोन्ही बचाव तोलामोलाचे दिसतात.

पण ते तोलामोलाचे नाहीत. किडकिडीत माणसाचा बचाव त्याच्या शरीरावर उभा आहे आणि शरीर पंचांना दिसते आहे. धिप्पाडाचा बचाव एका अटीवर उभा आहे: मारण्यापूर्वी त्याने संशयाचा हिशेब केला असला पाहिजे. रागाच्या भरात हात उचलणारा पंचांचे मत काय होईल याचा विचार करून उचलत नाही. म्हणजे दुसरी संभाव्यता 'अमुक असेल तर' अशी आहे आणि ते 'असेल तर' वाक्यातून गाळले आहे. ॲरिस्टॉटलचे निदान हेच: सरसकट संभाव्य आणि विशिष्ट मर्यादेत संभाव्य यांची गल्लत. प्रोटॅगोरसच्या या आश्वासनावर लोक चिडले ते रास्तच होते, असेही तो म्हणतो. तेव्हा सोफिस्ट धुतल्या तांदळासारखे होते असे माझे म्हणणे नाही. मात्र नीट पाहा, धिप्पाडाने एकही खोटे विधान केलेले नाही. संशय त्याच्यावर येणार हे खरेच आहे. गडबड वजनात आहे. चिमूटभर पुरावा मणभर म्हणून ठेवला आहे. 'खोट्याचे खरे' म्हणून हात झटकले की हे कळायचे राहून जाते, आणि उद्या तोच प्रकार खऱ्या विधानांच्या रूपात समोर आला की आपण हमखास फसतो.

गॉर्जियसचे 'हेलन-प्रशस्ती' हे छोटे भाषण यासाठीच वाचण्यासारखे आहे. ग्रीक पुराणकथेतली हेलन नवऱ्याला सोडून ट्रॉयला गेली यात तिचा दोष नाही, हे त्याला दाखवायचे आहे. तो चार कारणे मांडतो: देवांची किंवा दैवाची इच्छा, जबरदस्ती, शब्दांची भुरळ, प्रेमाची ओढ. मग एकेक घेऊन दाखवतो की हे कारण असेल तर तिला दोष देता येत नाही. चारही दारे बंद, हेलन निर्दोष. युक्तिवादाचा आकार निर्दोष आहे. अट एवढीच की यादी पूर्ण असावी. पाचवी शक्यता, ती विचार करून, आपखुशीने गेली, यादीत घेतलेलीच नाही. शब्दांची भुरळ ही जबरदस्तीइतकीच सक्तीची, हेही त्याने सिद्ध करण्याऐवजी सुंदर भाषेत म्हटले आहे. भाषणाच्या शेवटी गॉर्जियस स्वतःच याला 'खेळ' म्हणतो. आपल्या लेखातला 'खोटा पर्याय' हा दोष दोन पर्यायांचाच असतो असे दिले आहे. तो चारांचाही असतो, चाळिसांचाही. प्रश्न संख्येचा नाही. यादीबाहेर काही उरते का, एवढाच प्रश्न आहे.

आणखी एक. सोफिस्टांविषयीची आपली बरीचशी माहिती प्लेटोकडून येते आणि प्लेटो त्यांचा विरोधक होता. प्रोटॅगोरसची स्वतःची म्हणावी अशी मोजकी वाक्येच उरली आहेत. १९व्या शतकात इंग्रज इतिहासकार जॉर्ज ग्रोटने आपल्या ग्रीसच्या इतिहासात सोफिस्टांची बाजू मांडली, तेव्हापासून अभ्यासक हे चित्र सावधपणेच घेतात. आणि 'सोफिस्ट' या शिक्क्याचा सर्वांत मोठा बळी कोण? इ.स.पू. ४२३ मध्ये ॲरिस्टोफेनिसच्या 'ढग' या विनोदी नाटकात दुबळी बाजू सबळ करायला शिकवणारी शाळा दाखवली, तिचा चालक सॉक्रेटिस. इ.स.पू. ३९९ मध्ये खटल्यात उभा राहिल्यावर, प्लेटोच्या वृत्तांतानुसार, सॉक्रेटिसला प्रत्यक्ष आरोपांच्या आधी या जुन्या बदनामीलाच उत्तर द्यावे लागले. तो फी घेत नव्हता, तरी शिक्का बसायचा तो बसलाच. एखाद्याला नाव दिले की त्याचे म्हणणे तपासायची गरज उरत नाही, ही सोय तेव्हाही होती.

आता मूळ मुद्दा, दोषांच्या यादीचा. ती कुठून आली हे कळले की तिचा उपयोगही कळतो.

प्लेटोच्या 'युथिडेमस' या संवादात युथिडेमस आणि डायोनिसोडोरस हे दोघे भाऊ येतात. आधी शस्त्रविद्या शिकवत, आता वाद शिकवतात. प्रश्न ते विचारणार, समोरच्याने 'हो' किंवा 'नाही' म्हणायचे. त्यातला एक डाव असा. डायोनिसोडोरस टेसिपस नावाच्या तरुणाला विचारतो, तुझ्याकडे कुत्रा आहे? आहे. त्याला पिल्ले आहेत? आहेत. मग तो त्यांचा बाप झाला? झाला. आणि तो कुत्रा तुझा आहे ना? माझाच. म्हणजे तो बाप आहे आणि तुझा आहे. तेव्हा तो तुझा बाप आणि तू पिल्लांचा भाऊ. वर पुन्हा, त्या कुत्र्याला तू मारतोस का? टेसिपस हसत म्हणतो, मारतो तर, कारण तुला मारता येत नाही. म्हणजे बापाला मारतोस!

सगळे हसतात. पण दोष नेमका कुठे आहे, हे बोट ठेवून सांगायला बसले की हसू आटते. प्रत्येक 'हो' खरा आहे. 'तुझा' या शब्दात मालकी एकदा आणि नाते एकदा, असे बहुतेक जण म्हणतील. ॲरिस्टॉटलला हे उत्तर पटत नाही. त्याच्या मते शब्द दुअर्थी नाही. 'बाप असणे' आणि 'तुझा असणे' या दोन गोष्टी एकाच कुत्र्यात योगायोगाने एकत्र आल्या आहेत, म्हणून त्या जोडून 'तुझा बाप' असे एक विधान करता येत नाही. त्याने हा युक्तिवाद आगंतुक धर्माच्या, म्हणजे वस्तूला योगायोगाने चिकटलेल्या गुणाच्या, दोषाखाली टाकला. दोन जाणकार दोन वेगळ्या कप्प्यांत टाकतात. पण युक्तिवाद कुठे तुटतो याविषयी त्यांचे फारसे दुमत नाही: 'आहे बाप' आणि 'आहे तुझा' यांवरून 'आहे तुझा बाप' निघत नाही. कप्प्याचे नाव चुकले तरी खंडन टिकते. नाव बरोबर आले आणि तुटलेली जागा दाखवता आली नाही, तर खंडन झालेलेच नाही.

ॲरिस्टॉटलचा 'सोफिस्टी खंडने' हा ग्रंथ याच खेळातल्या उत्तर देणाऱ्यासाठी लिहिलेला आहे. त्यात दोष तेरा आहेत. सहा भाषेतून येणारे: एका शब्दाचे अनेक अर्थ, वाक्यरचनेतली संदिग्धता, जोडणे, तोडणे, उच्चार आणि शब्दरूप. भाषेबाहेरचे सात: आगंतुक धर्म, मर्यादा गाळणे, खंडन म्हणजे काय याचे अज्ञान, जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरणे, उलटा निष्कर्ष, कारण नसलेले कारण, आणि अनेक प्रश्नांचा एक प्रश्न. आपल्या लेखात 'ॲरिस्टॉटलने सांगितलेले' म्हणून जे दोष दिले आहेत त्यांतले निम्मे या यादीत नाहीत. व्यक्तीवर हल्ला नाही, प्रतिपक्षाचे सोयीस्कर बुजगावणे उभे करणे नाही, 'सगळे म्हणतात म्हणून' हेही नाही. व्यक्तीला उद्देशून केलेल्या युक्तिवादाचे आज वापरात असलेले लॅटिन नाव रूढ होण्यात इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकच्या १६९० च्या निबंधाचा वाटा मोठा आहे, आणि गंमत अशी की लॉकच्या मनात शिवीगाळ नव्हतीच. समोरच्याने मान्य केलेल्या गोष्टींवरूनच त्याला अडचणीत पकडणे, एवढाच त्याचा अर्थ होता.

लेखातली दुसरी चूक जास्त गंभीर. 'आधी हे झाले, नंतर ते झाले, म्हणून याच्यामुळे ते झाले' हा दोष ॲरिस्टॉटलच्या 'कारण नसलेले कारण' या नावाखाली दिला आहे. तिथे तो नाही. तिथला दोष असा: एखादी गोष्ट गृहीत धरून अशक्य निष्कर्ष काढायचा आणि दोष त्या गृहीतकावर टाकायचा, प्रत्यक्षात तो निष्कर्ष भलत्याच विधानातून आलेला असतो. ओळखायची रीत सोपी आहे: ते गृहीतक काढून टाका, अशक्य निष्कर्ष तरीही निघत असेल तर ते निर्दोष. 'नंतर, म्हणून त्यामुळे' हा दोष 'ऱ्हेटरिक'मध्ये आहे आणि उदाहरण राजकारणातले आहे: अथेन्सचा पुढारी डिमॉस्थेनिस याच्या धोरणानंतर युद्ध आले, म्हणून सगळ्या अनर्थाचे मूळ ते धोरण, असे दुसरा पुढारी डिमेडीस म्हणत असे.

तेरा नावे पाठ करावीत असे ॲरिस्टॉटलला वाटत नव्हते. यादी दिल्यावर लगेच सहाव्या प्रकरणात तो म्हणतो की हे सगळे दोष एकाच दोषात आणता येतात: खंडन म्हणजे काय ते माहीत नसणे. खंडनाची त्याची व्याख्या कापून भिंतीवर लावावी अशी आहे. समोरच्याने जे म्हटले त्याच गोष्टीचा विरोध सिद्ध झाला पाहिजे, नुसत्या त्या नावाचा नव्हे. तो विरोध मान्य केलेल्या विधानांतूनच आणि अपरिहार्यपणे निघाला पाहिजे. जे सिद्ध करायचे ते त्या विधानांत आधीच घातलेले नसावे. आणि विरोध त्याच बाबतीत, त्याच संबंधात, त्याच प्रकारे, त्याच वेळेचा असावा. यातली एकेक अट तुटली की एकेक दोष तयार होतो. धिप्पाड आरोपीने 'त्याच बाबतीत' मोडले. हेलनच्या भाषणाने 'अपरिहार्यपणे' मोडले. कुत्र्याच्या युक्तिवादानेही तेच मोडले. ज्याला या अटी कळल्या त्याला नाव नसलेला दोषही सापडतो, आणि रोजच्या वादात बिननावाचेच अधिक असतात.

मग उत्तर कसे द्यायचे? ॲरिस्टॉटल दोनच मार्ग मानतो. एक तर एखादे विधान खोटे आहे हे दाखवा, किंवा विधाने खरी असूनही त्यांतून निष्कर्ष निघत नाही हे भेद करून दाखवा. दोन्ही एकाच दमात नकोत; दोन वेगळी कामे आहेत ती. व्यवहारात करायचे असे. 'हे पाणी स्वच्छ दिसते, म्हणजे पिण्याजोगे आहे' हे वाक्य घ्या. प्रथम निष्कर्ष वेगळा लिहा: पाणी पिण्याजोगे आहे. मग बोललेले आधारविधान: ते स्वच्छ दिसते. आता या दोहोंना जोडणारे, न बोललेले विधान शोधा. इथे बहुतेकांची चूक होते. जे सहज खोटे ठरेल ते विधान समोरच्याच्या गळ्यात घातले जाते. समोरचा शहाणा आहे असे समजून शोधा. त्याच्या मनात कदाचित 'पिण्याजोगे पाणी स्वच्छ दिसते' असे असेल. हे बरेचसे खरे आहे, पण त्यातून निष्कर्ष निघत नाही, कारण त्याची दिशा उलटी आहे. त्याला हवे ते 'स्वच्छ दिसणारे पाणी पिण्याजोगे असते', आणि ते खोटे आहे. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, विरघळलेले आर्सेनिक दिसत नाही. यानंतर त्याच साच्याचे, पण उघड फसलेले दुसरे उदाहरण द्या. ॲरिस्टॉटलचे स्वतःचे आहे: मध पिवळा असतो, पित्तही पिवळे असते, म्हणून लोक पित्तालाच मध समजतात. साचा तोच, निष्कर्ष उघड खोटा; मग साच्यावर भरवसा ठेवता येत नाही हे समोरच्यालाही मान्य करावे लागते. या सगळ्यात दोषाचे नाव एकदाही घ्यावे लागले नाही.

शेवटची पायरी बहुतेक जण विसरतात: आपण काय सिद्ध केले ते मोजून बोला. पाणी खराब आहे हे सिद्ध झालेले नाही. ते पिण्याजोगे असल्याचा हा पुरावा पुरेसा नाही, एवढेच झाले. चंद्र गोल आहे म्हणून पृथ्वी गोल आहे, असे कुणी म्हटले तर युक्तिवाद फुसका आहे आणि पृथ्वी तरीही गोलच आहे. ॲरिस्टॉटलने तिच्या गोलाईसाठी वेगळे पुरावे दिले: ग्रहणात चंद्रावर पडणाऱ्या सावलीची कड नेहमी वक्र असते, आणि इजिप्त व सायप्रसमध्ये दिसणारे काही तारे उत्तरेकडे दिसत नाहीत. दोष सापडला की समोरच्याचा निष्कर्षच खोटा धरायचा, हा आजच्या वादांतला बहुधा सर्वांत फोफावलेला दोष आहे. नावांच्या यादीने तो बरा होण्याऐवजी वाढतो.

यादीतले काही 'दोष' तर प्रत्येक वेळी दोष नसतातच. व्यक्तीविषयी बोलणे कधी गैरलागू? ती व्यक्ती युक्तिवाद मांडत असेल तेव्हा. तो युक्तिवाद तिच्याशिवायही तपासता येतो. पण ती साक्ष देत असेल, म्हणजे 'मी पाहिले' एवढाच आधार असेल, तर ती विश्वासू आहे का, तिचा काही फायदा आहे का, हे विचारणे पूर्णपणे रास्त आहे. तज्ज्ञाचा हवाला देणेही तसेच. विषय त्याचाच असेल, त्या विषयातल्या इतरांचेही साधारण तेच मत असेल आणि निष्कर्षात त्याचा स्वार्थ नसेल, तर हवाला हा चांगला पुरावा आहे.

'घसरता उतार' याबद्दल थोडे हिशेबाने बोलू. आज हे मान्य केले तर उद्या ते, मग ते, असे पाच टप्पे कुणी दाखवले आणि प्रत्येक टप्पा आधीच्यानंतर घडण्याची शक्यता ८० टक्के धरली, तर पाचवा टप्पा गाठण्याची शक्यता ३३ टक्क्यांच्या आत येते. तीनच टप्पे असतील तर ५१ टक्के. प्रत्येक टप्पा ९५ टक्के पक्का असेल तर पाच टप्प्यांनंतरही ७७ टक्के उरतात, आणि मग ती भीती अगदी वाजवी. तेव्हा 'हा उताराचा दोष' असे ओरडण्यापेक्षा विचारावे: कोणता टप्पा सर्वांत कच्चा आहे, आणि तो पुढे ढकलणारे बळ कोणते? बोलणाऱ्याकडे उत्तर असेल तर त्याचा युक्तिवाद उभा राहतो.

प्रश्नांतल्या सापळ्यांना मात्र वेगळा उपाय लागतो, कारण तिथे युक्तिवाद व्हायच्या आतच डाव लागलेला असतो. मायलेटसच्या युब्युलिडीजच्या नावावर शिंगांचे कोडे आहे: जे तू हरवले नाहीस ते तुझ्याकडे आहे, शिंगे तू हरवली नाहीस, म्हणून तुला शिंगे आहेत. पहिल्या विधानाला आपण पटकन होकार देतो, कारण 'मुळात जे होते त्यातले' ही अट आपण मनात धरतो आणि ती शब्दांत नसते. होकार देण्यापूर्वी ती बोलून दाखवली की कोडे मोडते. याच पठडीतला किस्सा तत्त्वज्ञांची चरित्रे लिहिणाऱ्या डायोजेनिस लेर्टियसने मेनेडेमस या तत्त्वज्ञाचा दिला आहे. ॲलेक्सिनसने त्याला विचारले, बापाला मारणे थांबवलेस का? तो म्हणाला, मी मारतही नव्हतो आणि थांबवलेही नाही. हो की नाही एवढेच सांग, असा आग्रह झाल्यावर त्याचे उत्तर होते की दारातच तुला अडवता येत असताना तुझे नियम पाळत बसणे हास्यास्पद होईल. एका प्रश्नात दोन प्रश्न असतील तर एका उत्तराने भागवू नये, हाच ॲरिस्टॉटलचाही सल्ला. वेळ थोडा आणि प्रश्न वेगात येत असतील तर दोन वाक्ये तयार ठेवावीत: 'यात दोन प्रश्न आहेत, पहिला वेगळा विचारा' आणि 'या अर्थाने हो, त्या अर्थाने नाही'. विचारणाऱ्यांच्या युक्त्याही त्याने नोंदवल्या आहेत: लांबण लावणे, घाई करणे, समोरच्याला चिडवणे. चिडलेल्या माणसाला अटी आठवत नाहीत.

हातात कागद घेऊन सावकाश दोष ओळखणारा माणूस समोरासमोर प्रश्न आल्यावर गडबडतो, हेही त्या ग्रंथात स्पष्ट आहे. वेग सरावाने येतो. पण सराव ज्या रीतीचा करायचा ती रीतच सोफिस्ट शिकवत नव्हते, अशी ॲरिस्टॉटलची त्यांच्यावर तक्रार आहे. ग्रंथाच्या शेवटी तो म्हणतो, गॉर्जियसच्या पद्धतीत विद्यार्थ्यांना तयार भाषणे पाठ करायला देत. पाय दुखू नयेत याची विद्या शिकवतो असे म्हणायचे आणि जोडे शिवायला न शिकवता नाना तऱ्हांचे जोडे समोर मांडायचे, तसा तो प्रकार. गरज भागली, विद्या दिली नाही. पंधरा-वीस नावांची यादी याहून वेगळी कशी, हे लेखकानेच सांगावे.

आता एक विनंती. पुढे हे सदर चालवणार असाल तर दर आठवड्याला चार-पाच ओळींचा एकच युक्तिवाद छापा, शक्यतो निष्कर्ष वाचकाला आवडणारा पण आधार कच्चा असलेला, कारण न आवडणाऱ्या निष्कर्षातला दोष कुणालाही सापडतो. वाचकांकडून तीन गोष्टी मागवा: निष्कर्ष एका वाक्यात, न बोललेले आधारविधान एका वाक्यात, आणि ते विधान खोटे ठरवणारे किंवा तो साचा फसवणारे एक उदाहरण. उत्तर पुढच्या आठवड्यात द्या आणि निदान पहिले काही महिने त्यात एकाही दोषाचे नाव येऊ देऊ नका. सुरुवातीला शिंगांचे कोडे चालेल. दुसऱ्या आठवड्यात धिप्पाड आरोपी.

कळावे,
आपला,
एक वाचक